शौचाला रक्त दिसलं, की सगळीच मूळव्याध नसते

"मॅडम, रक्त पडतंय, पण दुखत काहीच नाही. मूळव्याधच असणार. तेवढ्या गोळ्या लिहून द्या." सर्जरीच्या ओपीडीत हे वाक्य सारखं कानावर येतं. बोलणारा कधी गुऱ्हाळावरचा कामगार असतो, कधी शिरोलीच्या फाउंड्रीतला, कधी कॉलेजचा पोरगा, कधी सुनेला घेऊन आलेली आजी. रक्त पडतंय, ही तक्रार खरी असते. मूळव्याध असेल हा अंदाजही पुष्कळदा बरोबर निघतो. गडबड आहे ती मधल्या शब्दांत. दुखत नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही, हा हिशेब साफ चुकीचा आहे आणि त्याच्याच भरवशावर माणसं सहा-सहा महिने आजार अंगावर काढतात.

ज्यांना शौचाच्या जागेतून रक्त जातं त्यांतल्या बहुतेकांना जीवघेणं काही नसतं, हे आधीच सांगते. फक्त आपण त्या 'बहुतेकां'त आहोत की नाही, हे घरी बसून ठरवता येत नाही. ते कुणीतरी तपासून पाहावं लागतं. का, ते समजून घेऊ.

## न दुखणारं रक्त फसवं का असतं?

आपलं मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. पोटात उजवीकडे खाली सुरू होऊन ते वर जातं, मग आडवं होतं आणि डाव्या बाजूने खाली उतरतं. त्याचा शेवटचा १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे मलाशय. त्याच्याखाली जेमतेम चार सेंटिमीटरची नळी उरते, तिला गुदमार्ग म्हणतात.

या चार सेंटिमीटरच्या आत एक सीमा आहे. डॉक्टर तिला दंतरेषा म्हणतात. रेषेच्या खालचं अस्तर बाहेरच्या कातडीच्याच जातीचं, वेदनेच्या नसांनी भरलेलं. तिथे केसाएवढी चीर पडली तरी माणूस कळवळतो. रेषेच्या वर आतड्याचं अस्तर सुरू होतं. त्याला ताणलेलं कळतं, पण कापल्याची किंवा भाजल्याची जाणीव नसते. म्हणूनच मूळव्याधीच्या वरच्या मोडाला, म्हणजे फुगलेल्या कोंबाला, रबरबँड लावताना भूल द्यावी लागत नाही.

आता आजार या रेषेवर मांडून पाहा. फिशर, म्हणजे चीर, रेषेच्या खाली असते, म्हणून ती जीव नकोसा करते. आतली मूळव्याध रेषेच्या वर असते, म्हणून ती दुखत नाही, नुसती रक्त टाकते. मलाशयाचा कॅन्सरही रेषेच्या वरच वाढतो, आणि सुरुवातीला तोही दुखत नाही, नुसतं रक्त टाकतो. दुखण्यावरून या दोघांत फरक करणं अशक्य आहे. दुखायला लागेपर्यंत वाट पाहणाऱ्याच्या हातून नेमका उपचाराचा सोपा काळ निसटतो.

## रंग काय सांगतो?

गुऱ्हाळावर उभं राहिलेल्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. चरकातून पडलेला रस वेगळ्या रंगाचा, काहिलीत तास-दीड तास उकळलेला वेगळा, आणि काकवी होईस्तोवर तर तो गडद तपकिरी, चिकट. रस तोच, किती वेळ आणि किती लांब गेला यावर रंग ठरतो. रक्ताचंही तसंच आहे. गुदमार्गातून आलेलं रक्त ताजं, लालभडक असतं. मलाच्या वरून ओघळतं, नाहीतर मल पडून गेल्यावर थेंब-थेंब टपकतं. आतड्याच्या वरच्या भागातून आलेलं काळपट लाल किंवा मरून रंगाचं, मलात कालवलेलं. आणि जठरातून किंवा त्याच्या लगेच पुढच्या भागातून आलेलं रक्त सगळा प्रवास करून, पचून, डांबरासारखं काळं आणि चिकट होऊन बाहेर पडतं. त्याला येणारा उग्र वास एकदा घेतला की विसरता येत नाही. अशी काळी शौचाला व्हायला पोटात साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त सांडावं लागतं, म्हणजे ती कधीच किरकोळ गोष्ट नसते.

नियमाला अपवाद आहेत. जठरातून रक्ताचा लोंढाच सुटला तर रंग बदलायला वेळच मिळत नाही, आणि खालून लाल रक्त येतं. असा माणूस सहसा घामाघूम आणि पांढरा पडलेला असतो. दुसऱ्या बाजूने, बीट खाल्लं की मल लाल होतो, लोहाच्या गोळ्यांनी काळा होतो. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांमुळे घाबरून आलेल्या मुलींची समजूत घालावी लागते ती यामुळेच. लोहाचा काळेपणा हिरवट असतो, चिकट नसतो आणि त्याला तो वास नसतो.

प्रमाणाबद्दलही एक सांगते. चमचाभर रक्ताने भांड्यातलं सगळं पाणी लाल होतं. त्यामुळे 'बादलीभर रक्त गेलं' असं वाटतं तेव्हा बहुधा तेवढं गेलेलं नसतं. उलट, रोज दोन-चार चमचे महिनोन् महिने जात राहिलं तर हिमोग्लोबिन सहा-सातवर येतं आणि तरी माणूस चालताफिरता असतो, फक्त जिना चढताना धाप लागते. वय झालं म्हणून धाप लागते, अशी तो स्वतःची समजूत काढतो.

## मग मूळव्याध म्हणजे नक्की काय?

गुदमार्गात रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मतः असतात. वारा आणि पाणी धरून ठेवायला त्यांची मदत होते. वर्षानुवर्षं कुंथल्याने, बद्धकोष्ठाने, गरोदरपणातल्या दाबाने या गाद्या फुगतात आणि जागेवरून खाली सरकतात. त्यांनाच आपण मोड किंवा कोंब म्हणतो. पहिल्या पायरीला फक्त रक्त जातं. दुसरीला मोड बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीला बोटाने आत ढकलावा लागतो, चौथीला तो आत जातच नाही. पहिल्या दोन पायऱ्यांना चोथायुक्त आहार, औषधं आणि गरज पडली तर रबरबँड पुरेसं असतं. ऑपरेशन मुख्यतः पुढच्या दोन पायऱ्यांसाठी. 'मूळव्याध म्हणजे ऑपरेशनच' या भीतीने जे डॉक्टरकडे जात नाहीत, त्यांतल्या पुष्कळांना कधीच ऑपरेशन लागलं नसतं.

मूळव्याध साधारणपणे दुखत नाही, हे वाचून कुणी म्हणेल, मला तर प्राण जाईल इतकं दुखतं. तसं असेल तर दोन शक्यता. बाहेरच्या मोडात रक्ताची गुठळी धरली असेल तर द्राक्षाएवढी निळसर, टणक, ठणकणारी गाठ हाताला लागते. किंवा, जास्त करून, ती मूळव्याध नसतेच, फिशर असतं.

फिशरची कहाणी ठरलेली. खडा झालेला मल बाहेर पडताना कातडी फाटते, बहुतेक वेळा मागच्या बाजूला. काच फिरवल्यासारखं दुखतं, कागदावर किंवा मलावर लाल रेघ दिसते, आणि शौचाहून आल्यावर तासन् तास ठणका राहतो. त्या भीतीने माणूस दुसऱ्या दिवशी जाण्याचं टाळतो, मल आणखी कडक होतो, चीर आणखी फाटते. हे चक्र तोडलं की ताजं फिशर सहा ते आठ आठवड्यांत बहुधा ऑपरेशनशिवाय भरतं. मल मऊ ठेवणं, दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसणं आणि स्नायू सैल करणारं मलम, एवढ्यावर. जुनाट झालेल्या फिशरला छोटं ऑपरेशन लागू शकतं.

भगंदर या दोघांपेक्षा वेगळं. तिथे गुदद्वाराशेजारी एक छिद्र पडतं आणि त्यातून पू, कधी थोडं रक्त येत राहतं. रक्त ही त्याची मुख्य तक्रार नव्हे.

## "तांबडा रस्सा जास्त झाला असेल"

कोल्हापुरात या आजाराचं सगळं खापर तिखटावर फुटतं. मिसळ खाल्ली, मटणावर ताव मारला, उष्णता झाली, रक्त पडलं. तिखटाने मूळव्याध होते असा पुरावा नाही. फिशर झालेलं असेल तर मात्र तिखटाने आग वाढते, तेव्हा चीर भरेपर्यंत जीभ आवरलेली बरी.

खरा दोष ताटात काय आहे यापेक्षा काय नाही, यात असतो. मटण, रस्सा, भाताचा ढीग, आणि भाजी चवीपुरती. मांसात आणि दुधात चोथा अजिबात नसतो. तालमीतल्या पोरांना मी हे नेहमी सांगते, कारण त्यांचं दिवसभर दूध, तूप, बदाम, अंडी चालतं, व्यायामात दम कोंडून जोर लावणं होतं, आणि पालेभाजी आठवड्यात एकदा. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम चोथा असतो, पॉलिश केलेल्या तेवढ्याच तांदळात तीनही नसतो. आपली जुनी भाकरी, सोबत पालेभाजी, कडधान्याची उसळ, काकडी-मुळा-कांदा असं जेवण असेल तर रस्सा कुणी बंद करायला सांगत नाही.

मात्र या स्पष्टीकरणाचा धोका वेगळाच आहे. रक्ताला 'तिखट' हे कारण सापडलं की माणूस पुढे शोधत नाही. पथ्य पाळतो, चार दिवस रक्त थांबतं, खात्री पटते. मूळव्याधीचं रक्त जसं मधूनमधून थांबतं, तसंच कॅन्सरचंही थांबतं. पथ्याने थांबलं म्हणून आजार साधा, असं होत नाही.

## इतर कारणं

पंचगंगेला पूर आला की पिण्याच्या पाण्याची खात्री उरत नाही, आणि मुरडा येऊन शेंब-रक्त पडणाऱ्या आवेचे रुग्ण दिसू लागतात. ताप, पोटात कळा, वारंवार जावंसं वाटणं, अशी ही आव योग्य औषधाने काही दिवसांत बरी होते. पण रक्त-शेंब आठवडेच्या आठवडे चालू असेल, रात्री झोपेतून उठून पळावं लागत असेल, वजन उतरत असेल आणि प्रत्येक वेळी 'आव आहे' म्हणून त्याच गोळ्यांचा कोर्स होत असेल, तर तिथे थांबा. अल्सरेटिव्ह कोलायटिस नावाचा आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्याच्या अस्तरावर उलटते, हुबेहूब आवेसारखा दिसतो. तो बहुतेक वेळा पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतो. आतड्याचा टीबीही रक्त टाकू शकतो.

गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या जठरात जखम करतात. ऊसतोडीच्या हंगामात या गोळ्या किती खपतात ते औषध दुकानदारांना विचारा. त्यांच्यामुळे होणारी काळी शौचाला पुष्कळदा गोळी बंद करून वेळीच उपचार घेतल्याने आटोक्यात येते, पण ती ओळखली तर. दारूने लिव्हर खराब झालेल्या माणसाच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटूनही काळी शौचाला किंवा रक्ताची उलटी होते, आणि ती तासाभरात जिवावर बेतू शकते. हृदयविकारासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर लहानशी जखमही जास्त वाहते. या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. स्टेंट घातलेल्या माणसाने तसं केलं तर अटॅक येऊ शकतो. डॉक्टरला फोन करा आणि विचारा.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या बायकांना काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, मलाशयातून रक्त येऊ लागतं. किरणांनी अस्तर नाजूक झालेलं असतं. आजार परत आला या धास्तीने त्या गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. तपासून घ्या, त्यावर इलाज आहे.

उतारवयात आतड्याच्या भिंतीला बाहेर फुगलेल्या छोट्या पिशव्या तयार होतात. त्यातून अचानक, न दुखता, भरपूर रक्त जाऊ शकतं.

## आणि कॅन्सर

फुटबॉलवेड्या कोल्हापूरला २९ डिसेंबर २०२२ ही तारीख आठवत असेल. वर्ल्ड कपसाठी पेठापेठांत लावलेले ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे अजून उतरायचे होते आणि पेले गेल्याची बातमी आली. वय ८२, आजार मोठ्या आतड्याचा कॅन्सर. त्यांची गाठ सापडली होती २०२१ मध्ये, नेहमीच्या तपासण्या करताना.

हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी एक छोटा कोंब उगवतो, त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात, काहींचं हळूहळू रूप बदलतं. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. एवढा मोठा अवधी देणारे कॅन्सर फार नाहीत. त्या काळात कोंब दुर्बिणीतूनच काढून टाकला तर कॅन्सर होतच नाही. कॅन्सर झाल्यावरही तो आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी दहातले नऊ जण हयात असतात, लांब पसरल्यावर सापडला तर दहातले जेमतेम एक-दोन. ही अमेरिकेतली आकडेवारी आहे, पण लवकर आणि उशिरा यांतली दरी आपल्याकडेही अशीच खोल आहे.

रक्ताबरोबर कोणत्या गोष्टी असल्या की माझं मन लगेच तिकडे जातं, ते सांगते. शौचाची सवय बदलणं, म्हणजे आजवर दिवसातून एकदा जाणाऱ्या माणसाला महिन्याभरापासून बद्धकोष्ठ किंवा जुलाब. जाऊन आलं तरी पोट साफ न झाल्याची भावना. मलाची जाडी पेन्सिलीएवढी बारीक होणं. कारणाशिवाय वजन उतरणं. आणि रक्त दिसतच नसताना हिमोग्लोबिन घसरणं, कारण उजव्या बाजूच्या आतड्यातला कॅन्सर डोळ्याला न दिसेल इतकं थोडं-थोडं रक्त टाकतो. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोहाची कमतरता सापडली, तर लोहाच्या गोळ्या देऊन मोकळं होता येत नाही, रक्त कुठून जातंय ते शोधावंच लागतं.

## "पण मला मूळव्याध आहे, हे आधीच ठरलंय"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात जास्त घात करतो. मूळव्याध इतकी सामान्य आहे की कॅन्सर झालेल्या पुष्कळ माणसांनाही ती असते. एक असली म्हणून दुसरा आजार येणार नाही, असं कुठे आहे?

मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची हमाली करणारे पन्नाशीतले एक काका मुलीच्या हट्टाने आले होते. दोन वर्षांपासून मूळव्याध. मोड खरंच होते, बाहेरून दिसत होते. तीन ठिकाणी औषध घेऊन झालेलं, मलमांच्या रिकाम्या ट्यूब मुलीने पिशवीत भरून आणलेल्या. मी तपासलं. बोट पाच-सहा सेंटिमीटर आत गेलं आणि एका टणक, ओबडधोबड कडेला टेकलं. मोड मऊ असतात, इतके मऊ की बोटाला नीट जाणवतही नाहीत. ती कडा मोडाची नव्हती. हातमोजा बाहेर काढला तेव्हा त्यावर काळपट रक्त होतं. आधी रेडिएशन, मग ऑपरेशन झालं. दोन वर्षांत आणि तीन ठिकाणी कुणी बोट घालून तपासलं होतं का, असं विचारल्यावर त्यांनी मान हलवली. कुणीच नाही.

म्हणून रुग्णांना माझं एक कळकळीचं सांगणं असतं. रक्त पडतंय असं सांगितल्यावर न तपासता कुणी मूळव्याधीची गोळी लिहून दिली, तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, एकदा तपासून बघता का?" हा तुमचा हक्क आहे, आणि कुठल्याही चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.

## "माझं वय तरी काय आहे?"

वय कमी असेल तर कॅन्सरची शक्यता कमी असते, हे खरं. शून्य नसते. भारतात या कॅन्सरचं एकूण प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असलं, तरी आपल्या रुग्णांत पन्नाशीच्या आतले बरेच असतात. अमेरिकेत तरुणांमध्ये हा आजार वाढत चालल्याचं पाहून २०२१ मध्ये काहीही त्रास नसलेल्यांच्या तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं गेलं. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. त्यामुळे आपल्याकडे लक्षणाकडे लक्ष देणं हाच मुख्य आधार उरतो.

पंचविशीतल्या मुलाला कडक मलामुळे रेघभर रक्त दिसलं, बोटाच्या आणि नळीच्या तपासणीत फिशर सापडलं आणि उपचाराने रक्त थांबलं, तर पुढे काही करायची गरज नाही. तेच रक्त उपचार करूनही चालू राहिलं, किंवा वय चाळिशीच्या पुढे आहे, किंवा आई-वडील, भाऊ-बहिणीपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता, तर पूर्ण आतडं पाहिलेलं बरं. घरात असा आजार असेल तर काही त्रास नसला तरी चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाला आजार झाला त्याच्या दहा वर्षं आधीच्या वयात, यांतलं जे आधी येईल तेव्हा तपासणी करावी.

## तपासणीत काय करतात?

लाजेपोटी जे टळतं ते हेच, म्हणून सविस्तर सांगते. आधी प्रश्न विचारले जातात. मग पडदा ओढून तुम्हाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. अंगावर चादर असते, गरज असते तेवढाच भाग उघडा. डॉक्टर बाहेरून पाहतात, मग हातमोजा घालून, जेल लावून एक बोट हळूच आत घालतात. शौचाला लागल्यासारखं वाटतं, तोंडाने श्वास घेतला की सोपं जातं. त्यानंतर प्रॉक्टोस्कोप, म्हणजे बोटापेक्षा थोडी जाड, छोटी नळी घालून आतलं अस्तर उजेडात पाहतात. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. फिशर ताजं असेल आणि खूप दुखत असेल, तर आतली तपासणी त्या दिवशी पुढे ढकलली जाते, जबरदस्ती होत नाही. पुरुष डॉक्टर असतील तर सोबत नर्स हवी, असं बायकांनी खुशाल सांगावं.

कॉलनोस्कोपी म्हणजे कॅमेरा लावलेल्या लवचिक नळीने सगळं मोठं आतडं पाहणं. तिचा त्रासदायक भाग आदल्या दिवशीचा, कारण पावडर घातलेलं दोन-तीन लिटर पाणी पिऊन आतडं धुऊन काढावं लागतं. प्रत्यक्ष तपासणी गुंगीचं इंजेक्शन देऊन अर्ध्या तासात होते, आणि पॉलिप सापडला तर बहुधा तिथेच काढला जातो. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी.

## भिंतीवरच्या जाहिराती

'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन, एका दिवसात मुक्ती' अशा पाट्या स्टँडजवळच्या भिंतींवर दिसतात. आयुर्वेदातली क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेल्या दोऱ्याची, पद्धत भगंदरावर शिकलेल्या वैद्यांकडून केली जाते आणि तिला मान्यता आहे, तिच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलते आहे पदवीचा पत्ता नसताना इंजेक्शन टोचणाऱ्यांबद्दल. त्या इंजेक्शनात काय असतं, कुणी सांगत नाही. जागा भाजून सडते आणि भरताना इतकी आक्रसते की पुढे मल बाहेर पडायलाही वाट राहत नाही. असे रुग्ण आमच्याकडे येतात तेव्हा मूळ आजारापेक्षा ते आकुंचन सोडवणं अवघड होऊन बसतं.

## कधी क्षणभरही थांबायचं नाही?

रक्त थांबतच नाही, गुठळ्या पडताहेत, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, छाती धडधडते, तर १०८ ला फोन करा. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका, वाटेत शुद्ध हरपली तर पडेल. डांबरासारखी काळी शौचाला किंवा रक्ताची उलटी, पोटात जोराच्या कळा आणि ताप, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना जास्त रक्त, या सगळ्यांना त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, हॉस्पिटल गाठायचं.

सहा महिने ते दोन वर्षांचं बाळ थांबून-थांबून कळवळून रडत असेल, पाय पोटाशी घेत असेल, उलट्या करत असेल आणि लाल जेलीसारखी शी झाली, तर आतडं आतड्यात अडकलेलं असू शकतं. तिथे घुटी नको, तासाचाही उशीर नको. थोड्या मोठ्या मुलांना न दुखता लाल रक्त येतं ते पुष्कळदा एखाद्या निरुपद्रवी पॉलिपमुळे, आणि तो सहज काढता येतो.

गरोदर आणि बाळंतिणींना मोड आणि फिशर दोन्ही फार होतं. तिथे आणखी एक अडचण असते, रक्त नेमकं कुठल्या जागेतून येतंय हेच बाईला सांगता येत नाही. पुसताना पुढचं-मागचं वेगळं पाहा, आणि गरोदरपणात थोडी जरी शंका असेल तर आधी बाळंतपणाच्या डॉक्टरांना दाखवा.

बाकी कुणालाही, रक्त एकदाच दिसलं आणि बाकी काही त्रास नाही, तरी आठवड्या-दोन आठवड्यांत एकदा तपासून घ्या. तोवर पाणी भरपूर, रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यातून, आणि संडासात मोबाइल न्यायचा नाही. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं, कुंथत बसायचं नाही.

## जायचं कुठे, सांगायचं काय?

पैशांची अडचण असेल तर कोल्हापुरात टाऊन हॉलजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात सर्जरीची ओपीडी आहे. पुढे ऑपरेशन किंवा कॅन्सरचे उपचार लागले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, आधारकार्ड आणि रेशनकार्ड जवळ ठेवा. डॉक्टरांना सांगताना किती दिवसांपासून, कोणत्या रंगाचं, मलाच्या वरून की मिसळून, दुखतं का, सवय बदलली का, वजन उतरलं का, घरात कुणाला असा आजार होता का, एवढं नीट सांगितलं तरी अर्धं काम होतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, दुखण्यावर परस्पर आणलेल्या गोळ्यांचीसुद्धा. आणि रक्ताचा फोटो मोबाइलवर काढला असेल तर दाखवायला संकोच करू नका. 'थोडं' आणि 'खूप' या शब्दांचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो, फोटोवरून रंग आणि अंदाज चटकन कळतो.